संगणक पडदे, अक्षरी व चित्ररूप

संगणक पडदे, अक्षरी व चित्ररूप : संगणक आणि त्यावर काम करणारी व्यक्ती यांच्यातील देवाणघेवाण ज्या पडद्यावर (स्क्रीनवर) होते, त्या पडद्याचे दोन मुख्य प्रकार. अक्षरी पडद्यावर केवळ अक्षरे, अंक व चिन्हे ठराविक ओळींत आणि ठराविक घरांत उमटतात व सर्व आज्ञा कळफलकावरून (कीबोर्डवरून) दिल्या जातात. चित्ररूप पडद्यावरील प्रत्येक बिंदू स्वतंत्रपणे उजळता येतो. त्यामुळे त्यावर चौकटी, चित्रखुणा, बटणे व निवडीच्या याद्या दाखविता येतात आणि माउसने अथवा बोटाने त्यांकडे निर्देश करून काम करवून घेता येते. यांपैकी कोणत्या पडद्यावर काम अधिक, लवकर व निर्दोष होते, हा प्रश्न संगणक कचेरीत व कारखान्यात आल्यापासून चर्चिला जात आहे. त्याचे उत्तर पडद्याच्या रूपापेक्षा कामाच्या स्वरूपावर अधिक अवलंबून असते.

सांगली व मिरज या शहरांलगतच्या कुपवाडसारख्या औद्योगिक वसाहतीत हा प्रश्न थोड्या अंतरात निरनिराळ्या रूपांनी आढळतो. (१९९८ मध्ये या तिन्ही गावांची मिळून एक महानगरपालिका स्थापन झाली.) कारखान्याच्या कचेरीत हिशेबनीस दिवसभर बिले नोंदवितो; शेजारच्या यंत्रशाळेत कारागीर संगणक-नियंत्रित लेथच्या पडद्यासमोर उभा असतो; आणि त्यांपैकी कोणी गावी जाण्यासाठी मिरज जंक्शनच्या आरक्षण खिडकीवर गेला, तर तेथील लिपिकाच्या पुढेही एक पडदा असतो. या तीन ठिकाणच्या गरजा एकसारख्या नाहीत, हे पुढील विवेचनावरून दिसून येईल.

पार्श्वभूमी : अक्षरी पडदा हा छिद्रित पत्र व दूरमुद्रक (टेलिप्रिंटर) यांचा वारस होय. आयबीएम कंपनीने १९२८ मध्ये ८० स्तंभांचे छिद्रित पत्र प्रचारात आणले. पुढे पडद्याच्या एका ओळीतही ८० घरे ठेवण्याची प्रथा पडली. १९७१ मधील आयबीएम ३२७० व १९७८ मधील व्हीटी १०० ही या प्रकारची सर्वपरिचित अग्रे (टर्मिनल) होत. २४ ओळी व ८० घरे मिळून अशा पडद्यावर १,९२० चिन्हे मावतात, म्हणजे पडद्याचा संपूर्ण मजकूर दोन किलोबाइटांहून कमी जागेत राहतो. उलटपक्षी १९८७ च्या व्हीजीए पद्धतीतील ६४० × ४८० बिंदूंच्या सोळारंगी चित्रास १,५३,६०० बाइट लागतात. स्मृती महाग व दूरध्वनीच्या तारा मंद होत्या तोपर्यंत हा ऐंशीपट फरक निर्णायक होता.

चित्ररूप पडद्याचा उगम संशोधनसंस्थांत झाला. आयव्हन सदरलंड यांच्या ‘स्केचपॅड’ने (१९६३) पडद्यावर रेखाटन शक्य असल्याचे दाखविले. डग्लस एंगेलबार्ट (१९२५–२०१३) यांनी ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रॅन्सिस्को येथे माउसचे जाहीर प्रात्यक्षिक केले. झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील प्रयोगशाळेत १९७३ मध्ये तयार झालेल्या ‘आल्टो’ या संगणकात आजच्या चित्ररूप पडद्याची बहुतेक अंगे एकत्र आली. मॅकिंटॉश (१९८४) व विंडोज (१९८५, आणि विशेषतः १९९० ची तिसरी आवृत्ती) यांमुळे ती सामान्य कचेऱ्यांत पोहोचली. भारतात हा बदल १९९० नंतरच्या दशकात घडला. तत्पूर्वी, रिझर्व्ह बँकेने चक्रवर्ती रंगराजन यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीच्या १९८४ च्या अहवालानंतर, बँकांत जी यंत्रे येऊ लागली ती अक्षरी पडद्याचीच होती.

कामाच्या वेळेचे मापन : स्ट्युअर्ट कार्ड, टॉमस मोरान व ॲलन न्यूएल (१९२७–९२) यांनी १९८० मध्ये सरावलेल्या व्यक्तीच्या हालचालींचे कालमापन करण्याची एक सोपी रीत मांडली. तीनुसार माउसने पडद्यावरील जागेकडे निर्देश करण्यास सुमारे १·१ सेकंद, हात कळफलकावरून माउसकडे किंवा परत नेण्यास ०·४ सेकंद आणि पुढील कृती मनात ठरविण्यास १·३५ सेकंद लागतात. एक कळ दाबण्याचा वेळ टंकलेखनाच्या सरावाप्रमाणे बदलतो. मिनिटास ४० शब्दांची इंग्रजी टंकलेखनाची परीक्षा उत्तीर्ण झालेल्या व्यक्तीस तो सुमारे ०·३ सेकंद धरता येईल. माउसचे बटण दाबण्यास ०·२ सेकंद पुरतात.

या आकड्यांवरून एक साधा हिशेब मांडता येतो. चार कळांची आज्ञा पाठ असलेल्या लिपिकास विचारासह १·३५ + १·२ म्हणजे २·५५ सेकंद लागतात. तेच काम यादी उघडून तीतील नोंद निवडून केल्यास विचार, हात नेणे, दोन वेळा निर्देश, दोन वेळा बटण व हात परत आणणे असे मिळून ४·७५ सेकंद होतात. दिवसाला ३०० नोंदी असतील, तर या एका कृतीपोटी ११ मिनिटांचा फरक पडतो. एका नोंदीत अशा चारपाच कृती असल्यास तो पाऊण तासाच्या घरात जातो. मात्र आज्ञा पाठ नसेल, तर हा हिशेब पूर्णपणे उलटतो. कागदाच्या चिठोऱ्यावर किंवा शेजाऱ्यास विचारून संकेत शोधण्यास लागणारा वेळ सेकंदांत नव्हे तर मिनिटांत मोजावा लागतो, तर समोर दिसणारी नोंद ओळखण्यास क्षणभरच लागतो. स्मरणापेक्षा ओळख सोपी, या मानसशास्त्रीय तथ्यावर चित्ररूप पडद्याची सारी उभारणी झालेली आहे.

केवळ हालचालींची बेरीजही पुरेशी नसते, हे अमेरिकेतील एका प्रयोगाने दाखविले. नायनेक्स या दूरध्वनी कंपनीने आपल्या चालकांसाठी (ऑपरेटर) चित्रखुणांचा पडदा असलेली नवी यंत्रे घ्यावयाचे योजिले होते. ही यंत्रे जुन्या अक्षरी यंत्रांपेक्षा जलद संदेश देणारी व कमी कळांची होती. साहजिकच काम लवकर होईल अशी अपेक्षा होती. वेन ग्रे, बॉनी जॉन व मायकेल ॲटवुड यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मात्र नवी यंत्रे दर दूरध्वनीमागे सरासरी अर्ध्या सेकंदाहून किंचित अधिक वेळ घेतात असे आढळले. याचे कारण मार्मिक आहे. जुन्या यंत्रावर ग्राहक बोलत असतानाच चालकाची बोटे चालत, म्हणजे त्या कळांना वेगळा वेळ लागतच नसे. नव्या रचनेत सुरुवातीच्या कळा वाचल्या, पण शेवटी, ग्राहकाचे बोलणे संपल्यावर, एक कळ वाढली आणि तिचा संपूर्ण वेळ कामात मिळविला गेला. लाखो दूरध्वनी हाताळणाऱ्या कंपनीस हा अर्धा सेकंद वर्षाला लक्षावधी डॉलरना पडला असता.

आरक्षण खिडकी : रेल्वेच्या आरक्षण खिडकीवरही अशीच परिस्थिती असते. भारतीय रेल्वेचे संगणकीय आरक्षण १९८५ मध्ये नवी दिल्ली येथे सुरू झाले. रेल्वे माहिती प्रणाली केंद्र (क्रिस) १९८६ मध्ये स्थापन झाले. आणि एप्रिल १९९९ पर्यंत दिल्ली, मुंबई, कलकत्ता, चेन्नई व सिकंदराबाद ही पाचही केंद्रे एकमेकांस जोडली गेली. खिडकीवरील लिपिकांनी दीर्घकाळ अक्षरी पडद्यावरच काम केले. प्रवाशाचा अर्ज हातात येताच लिपिक गाडीचा क्रमांक, तारीख, वर्ग व स्थानकांचे संकेत (मिरजसाठी ‘एमआरजे’, सांगलीसाठी ‘एसएलआय’) नजर अर्जावरून न हलविता दाबीत जातो. बोटांना कळांच्या जागा माहीत असल्याने डोळे अर्जासाठी व कान प्रवाशासाठी मोकळे राहतात. माउस वापरावयाचा झाल्यास डोळ्यांना पडद्यावरच खिळून राहावे लागते, आणि रांग लांबते.

तरीही हीच आरक्षणव्यवस्था ३ ऑगस्ट २००२ पासून महाजालावर प्रवाशांसाठी खुली झाली, तेव्हा तिचे बाह्य रूप चित्ररूप ठेवावे लागले. वर्षातून दोनदा महालक्ष्मी एक्सप्रेसचे तिकीट काढणाऱ्यास स्थानकांचे संकेत पाठ असण्याचे कारण नाही. त्याला दिनदर्शिकेतून तारीख निवडणे व यादीतून गाडी निवडणे हेच सोयीचे. व्यवस्था एक, तिकीट एक, परंतु पडदे दोन; आणि दोन्ही आपापल्या जागी योग्य, असे हे उदाहरण आहे. यावरून एखाद्या कचेरीने ‘आधुनिक’ दिसते म्हणून खिडकीवरील लिपिकालाही ग्राहकाचाच पडदा द्यावा, हे सयुक्तिक ठरत नाही. असे प्रकार मात्र वारंवार घडतात, कारण यंत्र विकत घेणारा अधिकारी प्रात्यक्षिक एकदाच पाहतो व लिपिक ते रोज आठ तास वापरतो.

हिशेबाची कचेरी : लहान कारखान्यांच्या हिशेबासाठी भारतात सर्वांत रुळलेली आज्ञावली म्हणजे टॅली. तिच्या बंगळूर येथील कंपनीची स्थापना १९८६ मध्ये झाली व आरंभीच्या आवृत्त्या अक्षरी पडद्यावर चालत. पुढे ती विंडोजच्या चौकटीत आली, रंग व रेघा आल्या. परंतु कामाची रीत तीच राहिली. एफ ५ दाबल्यास रक्कम देण्याची, एफ ६ ने जमेची, एफ ८ ने विक्रीची व एफ ९ ने खरेदीची नोंद उघडते, हे सरावलेल्या हिशेबनिसास विचारपूर्वक आठवावे लागत नाही. खात्याच्या नावाची पहिली काही अक्षरे दाबताच जुळणारी नावे समोर येतात. येथे स्मरण व ओळख यांचा मिलाफ साधलेला आहे : नवख्यासाठी यादी दिसते, जाणत्यासाठी कळ असते. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाल्यावर बिलातील रकाने वाढले, तेव्हाही अनेक हिशेबनीस माउसला हात न लावता नवी पद्धती शिकले. अक्षरी की चित्ररूप हा वाद येथे बहुतांशी निरर्थक होतो. कळफलक-प्रधान की माउस-प्रधान हा खरा भेद होय.

यंत्रशाळा : संगणक-नियंत्रित (सीएनसी) लेथ व चक्रीकर्तन यंत्र (मिलिंग मशीन) यांना दिली जाणारी आज्ञावली मूलतः अक्षरी असते. जी ०१ म्हणजे सरळ रेषेत कर्तन, जी ०२ म्हणजे घड्याळाच्या काट्याच्या दिशेने वर्तुळखंड, एम ०३ म्हणजे मुख्य दंड फिरविणे, एम ३० म्हणजे समाप्ती. हे संकेत १९५० नंतरच्या दशकातील अंकीय नियंत्रणापासून विकसित होत आले व १९८२ मध्ये त्यांना आंतरराष्ट्रीय मानकाचे रूप मिळाले. एकच दांडा शेकड्यांनी करावयाचा असल्यास आज्ञावली एकदा भरली की पडद्याचे काम जवळजवळ संपते; मग तो कोणत्याही प्रकारचा असला तरी उत्पादनात फरक पडत नाही.

परंतु कुपवाडसारख्या वसाहतींतील लहान यंत्रशाळांची बरीच कामे फुटकळ मागणीची (जॉबवर्कची) असतात : आज पंपाच्या दांड्याचे पाच नग, उद्या एखाद्या जुन्या यंत्राचा तुटलेला भाग. तेथे आज्ञावली वारंवार बदलते आणि दशांशचिन्हाची एक चूक हत्यार व कामाचा तुकडा दोन्ही मोडते. या कामासाठी चित्ररूप पडद्याची उपयुक्तता निर्विवाद आहे. प्रत्यक्ष कर्तनापूर्वी हत्याराचा मार्ग पडद्यावर रेखाटून पाहता येतो आणि हत्यार पकडीवर (चकवर) आदळणार असल्यास ते आधीच दिसते. यामाझाकी या जपानी कंपनीने १९८१ मध्ये ‘मझाट्रोल’ ही संवादी पद्धती आणली. तीत कारागिराने संकेत न लिहिता व्यास, लांबी, आटे इ. प्रश्नांची उत्तरे द्यावयाची असतात. रेखाचित्र वाचता येणाऱ्या, परंतु संकेत न शिकलेल्या कारागिरास त्यामुळे स्वतः यंत्र मांडता येऊ लागले. येथेही माउस मात्र रुळला नाही. तेलकट हात, धातूचा कीस व शीतक द्रवाचे शिंतोडे यांत टिकतात त्या आवरणाखालच्या जाड कळाच. चित्र पाहावयाचे व आज्ञा कळांनी द्यावयाची, अशी विभागणी यंत्रशाळेने आपोआप स्वीकारलेली आढळते.

देवनागरीचा प्रश्न : मराठी कचेऱ्यांपुरता या विषयाचा एक वेगळाच पैलू आहे व पाश्चात्त्य अभ्यासांत त्याचा विचार झालेला नाही. अक्षरी पडद्यातील प्रत्येक घर रोमन अक्षराच्या मापाचे असते : एक संकेत, एक अक्षर, एक घर. देवनागरीत ही समानता टिकत नाही. ‘कुपवाड’ हा चार अक्षरांचा शब्द साठविण्यास सहा संकेत लागतात, तर ‘महाराष्ट्र’ या चारच अक्षरांच्या शब्दास दहा. ऱ्हस्व इकार उच्चारात व्यंजनानंतर, पण लेखनात आधी येतो; उकार खाली व मात्रा वर जाते; जोडाक्षरांची रुंदी ठरलेली नसते. म्हणून १९८० नंतरच्या दशकात बहुतेक कचेऱ्यांनी संगणकावर इंग्रजीत काम केले, अथवा मराठी नावे रोमन लिपीत लिहिली.

यावर भारतीय तोडगा निघाला तो जिस्ट तंत्राचा. कानपूरच्या भारतीय तंत्रविज्ञान संस्थेत त्याचा विकास झाला व पुण्यातील सी-डॅक संस्थेने (स्थापना १९८८) ते प्रसारित केले. संगणकात बसविलेले जिस्ट कार्ड हे आज्ञावली व पडदा यांच्यामध्ये उभे राही आणि आठ अंशांच्या संकेतांतील वरच्या अर्ध्या भागास भारतीय लिप्यांचे रूप देई. त्यामुळे डीबेससारख्या मूळच्या इंग्रजी आज्ञावलीतही मराठी नावे व पत्ते साठविता येऊ लागले. या संकेतांना इस्की हे नाव असून १९९१ मध्ये ते भारतीय मानक म्हणून स्वीकारले गेले. डावीकडे स्वर व उजवीकडे व्यंजने असा इन्स्क्रिप्ट कळफलकही याच काळातला.

विंडोज आल्यावर मराठी अक्षर पडद्यावर व छपाईत डौलदार दिसू लागले, पण या लाभाची एक किंमत मोजावी लागली. दहाएक वर्षे निरनिराळ्या टंकांचे (फाँटचे) संकेत निरनिराळे होते व ते अक्षरांचे नसून अक्षरांच्या तुकड्यांचे होते. एका टंकात लिहिलेले पत्र दुसऱ्या संगणकावर अनाकलनीय चिन्हांचे कडबोळे होऊन उघडे. नावांची अकारविल्हे मांडणी करणे किंवा नाव शोधणे दुरापास्त झाले. ओबडधोबड अक्षरी पडद्यामागील इस्की माहिती क्रमवार लावता येत होती. देखण्या चित्ररूप पडद्यावरील माहिती तशी लावता येत नव्हती. अनेक कार्यालयांना या काळातील नोंदी पुढे पुन्हा टंकित कराव्या लागल्या. युनिकोड पद्धती व तिला आधार देणारे विंडोज २००० आल्यावर ही अडचण हळूहळू दूर झाली. चित्ररूप पडद्याने मराठी कार्यालयास दिलेली मोठी देणगी म्हणजे वेग नव्हे, तर आपल्या लिपीत काम करण्याची मुभा होय. आणि तीही पडद्यामागील संकेत एकरूप झाल्यानंतरच हाती आली.

प्रशिक्षण व बदल : अक्षरी पडद्याच्या आज्ञा बहुधा इंग्रजी शब्दांची संक्षिप्त रूपे असत. मराठी माध्यमातून आलेल्या उमेदवारास ती घोकावी लागत, आणि एकदा एकाने ती आत्मसात केली की कचेरीचे सारे काम त्या एका व्यक्तीवर अडून राही. चित्ररूप पडद्यामुळे हा अडसर बराच कमी झाला. २००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाचा एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम खेड्यापाड्यांत पोहोचू शकला, याचे एक कारण शिकणाऱ्यास पहिल्याच दिवशी पडद्यावर काहीतरी करता येते हे होय. याउलट, सरावलेल्या लिपिकाची जुनी पद्धती एकाएकी बदलल्यास त्याचे बोटांतील कौशल्य वाया जाते, आणि काही महिने काम मंदावते व चुका वाढतात. नव्या पडद्यावर जुन्या कळा चालू ठेवल्यास हा तोटा पुष्कळसा टळतो. दीर्घकाळ माउस वापरणाऱ्यांच्या मनगटास व खांद्यास, आणि अखंड टंकलेखन करणाऱ्यांच्या बोटांस होणारे विकार वेगळे असले, तरी दोन्ही पद्धतींत ते उद्भवतात.

दृष्टिहीन कर्मचाऱ्यांच्या बाबतीत मात्र या बदलाचा परिणाम प्रथम प्रतिकूल झाला. अक्षरी पडद्यावरील मजकूर स्मृतीत अक्षरांच्याच रूपात असल्याने तो उच्चारून दाखविणारे किंवा ब्रेल पट्टीवर उमटविणारे साधन बनविणे तुलनेने सोपे होते. चित्ररूप पडद्यावर तोच मजकूर बिंदूंच्या रूपात विखुरला गेला आणि चित्रखुणांना तर वाचून दाखविण्याजोगे नावच नव्हते. पडद्यावरील प्रत्येक बटणास मजकुरात नाव देण्याची व्यवस्था आज्ञावलीकर्त्यांनी केली, त्यानंतरच वाचक आज्ञावल्या पुन्हा उपयोगी ठरू लागल्या. २००६ मध्ये सुरू झालेली एनव्हीडीए ही विनामूल्य वाचक आज्ञावली मराठीसह अनेक भाषांत बोलू शकते. तिच्या साहाय्याने काम करणारी व्यक्ती चित्ररूप पडद्यासमोर बसूनही सर्व आज्ञा कळफलकावरूनच देते. एखाद्या बटणाचे नाव देण्याचे राहून गेले असेल, तर तिचे काम तेथेच थांबते.